घरांतील समुद्र आणि त्यांतील शेवाळ

सदाशिव पेठेपासून समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी शंभर किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, आणि मध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. तथापि या पेठेंतील आमच्या घराच्या माजघरांत गेलीं चार वर्षें शंभर लिटर समुद्र नांदत आहे. कांचेच्या एका टाकींत खारें पाणी, चुनखडीचे कांहीं खडक, दोन विदूषक मासे, वाळू चाळणारा एक लहानसा मासा आणि दहाबारा गोगलगाई, एवढाच त्याचा संसार. आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थी तो पाहून गेले, व त्यांपैकीं तिघांच्या पालकांनीं आपापल्या घरीं तसाच संसार मांडला. त्यांतील दोन टाक्या हिरव्या शेवाळानें भरून गेल्या आणि रिकाम्या होऊन माळ्यावर चढल्या, असें नुकतेंच समजलें. म्हणून या विषयावर आपल्या वार्षिकांत चार शब्द लिहावे असें मनांत आलें. माझी टाकीहि एकदां माळ्यावर चढण्याच्या बेतांत आली होती; ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, समुद्राचें पाणी म्हणजे नुसतें मिठाचें पाणी नव्हे. एक किलो समुद्रजलांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपलें खाण्याचें मीठ पाऊण हिश्शाहून अधिक असतें हें खरें. परंतु मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार, गंधकाचे क्षार व इतर अनेक द्रव्यें ठराविक प्रमाणांत असल्यावांचून समुद्रांतील जीव जगत नाहींत. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां त्यास समुद्र अगदीं दारांत होता. पुणेकरास ती सोय नाहीं. अलिबागेहून डबे भरून आणावे म्हटलें, तर पावसाळ्यांत नद्यांच्या पुरानें किनाऱ्यालगतचें पाणी गढूळ व अळणी होतें, आणि खाड्यांच्या मुखाशीं शहरांचें सांडपाणीहि त्यांत मिसळलेलें असतें. म्हणून बाजारांत मिळणारें तयार समुद्री मीठ शुद्ध पाण्यांत विरघळवून घरींच समुद्र बनविणें, हाच येथील राजमार्ग होय. शंभर लिटरांस साडेतीन ते चार किलो मीठ लागतें.

अशा टाक्यांची कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा मेळ घालून, पाणी वरचेवर न बदलतांहि भांडें निर्मळ राखतां येतें असें दाखविलें. पुढें फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकानें, जो मोठा श्रद्धाळु ख्रिस्ती उपदेशकहि होता, १८५४ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. आणि घरोघर समुद्र ठेवण्याची एक लाटच त्या देशांत उसळली. या लाटेचें फळ मात्र कडू निघालें. हौशी लोकांनीं किनारे अक्षरशः लुटले, आणि ज्या खडकांतील डबक्यांचें वर्णन गॉसनें भक्तिभावानें केलें होतें, तीं डबकीं ओसाड पडलीं. त्याचा पुत्र एडमंड गॉस यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. आपल्या देशांत प्रवाळ व समुद्रघोडे यांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें कडक संरक्षण आहे. तेव्हां मालवणच्या समुद्रांतून प्रवाळाचा तुकडा खिशांत घालून आणणें हा नुसता खोडकरपणा नव्हे, तो गुन्हा आहे. विदूषक मासे मात्र आतां माणसाच्या देखरेखीखालीं अंड्यांपासून वाढविले जातात. विकत घ्यावयाचे तर असेच घ्यावे.

आतां माझी हकीकत. टाकी मांडल्यावर पहिल्या महिन्यांत कांचेवर व वाळूवर तपकिरी रंगाची धूळ जमली. ही धूळ नसून करंडक शेवाळ होतें. त्याच्या सूक्ष्म पेशींस वाळूच्या द्रव्याची, म्हणजे सिलिकेची, करंड्यासारखी पेटी असते. पाण्यांतील सिलिका संपली कीं तें आपोआप ओसरतें, आणि तसें तें ओसरलें. मी निर्धास्त झालों. चौथ्या महिन्यांत खडकांवर हिरवी लव दिसूं लागली. ती शोभिवंत दिसे, म्हणून घरांतील सर्वांनीं तिचें कौतुक केलें. सहाव्या महिन्यांत त्या लवेचे बोटभर लांब केस झाले, खडक दिसेनासे झाले, आणि गोगलगाई त्यांत अडकून पडूं लागल्या. मी दर रविवारीं तें शेवाळ खरडून काढीं. पुढच्या रविवारीं तें तितकेंच परत वाढलेलें असे. दिवा बारा तासांऐवजीं सात तास लावून पाहिला. वाढ मंदावली, थांबली नाहीं.

प्रकाशाचा धागा येथेंच थोडा पुढें नेतों. शेवाळ ही वनस्पति. तिला प्रकाश हवाच. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी शहरांतील हौदांत आणलें तें बंद दगडी नळांतून. गाळ बसण्यासाठीं व हवा खेळण्यासाठीं वाटेंत सोय केली होती. पण ऊन्ह मात्र पाण्यास हौदांत पोंचेपर्यंत दिसत नसे. अंधाऱ्या नळांत शेवाळ वाढण्याचा प्रश्नच नव्हता. माशांची टाकी अंधारांत ठेवतां येत नाहीं, कारण ती पाहण्यासाठींच असते. म्हणून निदान खिडकीच्या उन्हाच्या तिरिपेंत ती ठेवूं नये, व दिवा सातआठ तासांहून अधिक जाळूं नये, एवढेंच या बाबतींत करतां येतें. शेवाळास जें दुसरें हवें असतें, म्हणजे अन्न, त्याकडे मीं लक्षच दिलें नव्हतें.

लक्ष दिलें नव्हतें असें म्हणणेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. शेवाळाचें मुख्य खत जें फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचा क्षार, तें मोजण्याची एक पेटी मीं आणली होती. तिची रीत अशी: नळींत टाकींतलें पाणी घ्यावयाचें, त्यांत आम्ल व मॉलिब्डेनमचा एक क्षार असलेले थेंब टाकावयाचे, आणि नंतर क जीवनसत्त्वाची, म्हणजे आवळ्यांत असतें त्याच द्रव्याची, पूड टाकून हलवावयाचें. पाण्यांत फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो, आणि जितकें फॉस्फेट अधिक तितका तो गडद. ही कृति १९६२ सालीं मर्फी व रायली या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं बसविली, आणि थोड्याफार फरकानें आजहि समुद्रशास्त्रज्ञ तीच वापरतात. शेवाळानें टाकी भरली असतांना मीं ही परीक्षा केली, तेव्हां दर लिटरास ०.०८ मिलिग्रॅम एवढेंच फॉस्फेट निघालें. निळा रंग जेमतेम दिसला. मीं मनाशीं ठरविलें कीं, दोष फॉस्फेटाचा नव्हे.

मग एका दुकानदारानें शेवाळ मारण्याच्या औषधाची बाटली दिली. तीवर लिहिलेल्या मापानेंच मीं औषध घातलें. तिसऱ्या दिवशीं हिरवे केस पांढुरके झाले व गळूं लागले. घरांत आनंद झाला. चौथ्या दिवशीं पहाटे माझी धाकटी मुलगी टाकीपाशीं उभी राहून रडत होती. दोघां विदूषक माशांपैकीं मोठा मासा तळाशीं आडवा पडला होता, आणि धाकटा पृष्ठभागाशीं तोंड लावून धापा टाकीत होता. पाण्यास कुबट वास येत होता. घाईघाईनें चाळीस लिटर पाणी बदललें, हवेचा पंप सुरू केला, आणि धाकटा वांचला. त्याच दुपारीं पुन्हां परीक्षा केली. नळींतलें पाणी शाईसारखें निळें झालें: दर लिटरास १.२ मिलिग्रॅम, आणि तेंहि इतकें पाणी बदलल्यानंतर!

हें फॉस्फेट कोठून आलें? औषधांतून नव्हे. तें टाकींतच होतें. परंतु पाण्यांत नव्हतें, शेवाळाच्या अंगांत होतें. परीक्षेची नळी पाण्यांत विरघळलेलें तेवढेंच दाखविते. भुकेलें शेवाळ फॉस्फेट मिळतांच गिळून टाकतें, म्हणून शेवाळानें भरलेल्या टाकीचें पाणी तपासलें तर तें जवळजवळ निर्दोष दिसतें. दुष्काळांत धान्याच्या बाजारांत दाणा दिसत नाहीं, म्हणून कोणाच्याच कणगींत दाणा नाहीं असें अनुमान काढावें, तशी माझी चूक झाली. शेवाळ मेलें तेव्हां कणगी फुटली. शिवाय मेलेलें शेवाळ कुजवितांना जिवाणूंनीं पाण्यांतील प्राणवायु संपविला. रात्रीं वनस्पति प्राणवायु देत नाहीं, उलट घेते. म्हणून पहाटे त्याची टंचाई सर्वांत अधिक असते. मासा विषानें मेला नाहीं, गुदमरून मेला.

हा स्फुरद आहे तरी काय? हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रांट नांवाच्या किमयागारानें १६६९ सालीं मूत्र आटवून सोनें मिळविण्याची खटपट केली. सोनें मिळालें नाहीं; पण अंधारांत चमकणारें एक द्रव्य मिळालें, तेंच हें. सजीवांच्या प्रत्येक पेशींत स्फुरद असतो. हाडांत तर असतोच. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यानें १९३४ सालीं असें निदर्शनास आणलें कीं, समुद्रांतील सूक्ष्म जीवांच्या शरीरांत मूलद्रव्यांचें प्रमाण बरेंचसें ठराविक असतें. पुढें सुधारून घेतलेल्या त्याच्या हिशेबाप्रमाणें स्फुरदाच्या एका अणूमागें नत्राचे १६ व कार्बनाचे १०६ अणू पडतात. म्हणजे स्फुरद लागतो अगदीं थोडा; पण तो थोडाहि न मिळाला तर बाकी सर्व असून उपयोग नाहीं. भाकरींत पीठ पुष्कळ व मीठ चिमूटभर. परंतु त्या चिमटीच्या हिशेबानेंच येथें भाकऱ्यांची संख्या ठरते.

नत्र व स्फुरद यांत एक मोठा भेद आहे, आणि टाकी राखणारानें तो विसरूं नये. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचें नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे नायट्रेट. हें काम जिवंत जिवाणूंचें आहे हें व्हिनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास सिद्ध केलें. खडकांच्या आंत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेट फोडून नत्रवायु मोकळा करतात, आणि तो बुडबुड्यांवाटे हवेंत निघून जातो. नत्रास असें एक दार आहे. स्फुरदास दार नाहीं. टाकीच्या तपमानावर व नेहमींच्या व्यवहारांत त्याचा वायु होत नाहीं. जो आंत आला तो आंतच राहतो: कधीं पाण्यांत, कधीं शेवाळांत, कधीं गोगलगाईच्या पोटांत, कधीं खडकाच्या अंगावर. कोणीं हातानें उचलून बाहेर नेला तरच तो जातो. गोगलगाई शेवाळ खातात, म्हणून पुष्कळजण आणखी गोगलगाई आणतात. त्या कांच स्वच्छ करतात हें खरें. पण खाल्लेला स्फुरद त्या थोड्या वेळांत पाण्यासच परत करतात.

मग तो येतो कोठून, याचा शोध करूं लागलों. खाद्याची पन्नास ग्रॅमची डबी किती दिवसांत संपते हें पाहिलें, तर पन्नास दिवसांत! म्हणजे रोज एक ग्रॅम. मी तर सकाळीं एकदांच चिमूटभर खाद्य घालीत असें. चौकशीअंतीं उलगडा झाला. दुपारीं शाळेंतून आल्यावर मुलें घालीत. आणि सायंकाळीं दिवा लावल्यावर आमच्या मातोश्री घालीत. मुका जीव कांचेशीं येऊन तोंड उघडतो आणि घरांतल्यांनीं जेवावें, हें त्यांच्यानें पाहवत नसे. "तुमच्या शास्त्रांत काय लिहिलें असेल तें असो, भुकेल्याला वाढल्यानें कोणाचें वाईट होत नाहीं," असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या म्हणण्यास उत्तर देणें कठीण होतें, म्हणून मीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला.

माशांच्या कोरड्या खाद्याच्या शंभर भागांत साधारणतः एक भाग स्फुरद असतो. एक ग्रॅम खाद्यांत दहा मिलिग्रॅम स्फुरद. त्याचें फॉस्फेट होतें सुमारें तीस मिलिग्रॅम, कारण स्फुरदाच्या एका अणूस प्राणवायूचे चार अणू येऊन मिळतात व वजन तिपटीवर जातें. हे तीस मिलिग्रॅम शंभर लिटरांत वांटले म्हणजे दर लिटरास ०.३. आठवड्यास २.१. उष्ण कटिबंधांतील उघड्या समुद्राच्या पृष्ठभागीं फॉस्फेट दर लिटरास ०.०५ मिलिग्रॅमहून बहुधा कमीच असतें. म्हणजे समुद्रास जेवढें पुरतें त्याच्या सहापट आम्ही एका दिवसांत ओतीत होतों. यांतील कांहीं भाग माशांच्या अंगीं लागतो हें खरें. पण वाढ पुरी झालेल्या माशाच्या अंगीं फारच थोडें लागतें.

कोणी म्हणेल, पाणी बदलीत जावें. मी दर आठवड्यास दहा लिटर, म्हणजे दहावा हिस्सा, बदलीत असें. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. दर आठवड्यास २.१ आंत येतें, व जें असेल त्याचा दहावा हिस्सा बाहेर जातो. आवक व जावक बरोबर केव्हां होईल? जेव्हां दहावा हिस्सा २.१ होईल तेव्हां, म्हणजे पाणी बदलण्यापूर्वीं टाकींत २१ मिलिग्रॅम झाल्यावर! बादलीनें समुद्र उपसण्यासारखेंच हें झालें. खाद्य पाव ग्रॅमवर आणलें तर हाच आंकडा सवापांचाच्या आसपास येतो. तेव्हां पाणी बदलणें इतर कारणांसाठीं अवश्य असलें, तरी या रोगावर तेवढ्यानें भागत नाहीं.

हिशेब मातोश्रींस समजावून सांगितला. त्यांनीं तो शांतपणें ऐकला व म्हणाल्या, "मग सायंकाळचें मीच घालतें, तुम्हीं सर्वांनीं बंद करा." तोच निर्णय अखेर कायम झाला. मीं औषधाच्या पुडीप्रमाणें पाव ग्रॅमच्या सात पुड्या दर रविवारीं बांधून ठेवावयाच्या, आणि रोज एक पुडी त्यांनीं सोडावयाची. आठवड्यांतून एकदां गोठविलेले झिंगे द्यावयाचे, ते वितळल्यावर त्यांचें पाणी चाळणीनें गाळून टाकून द्यावयाचें. कारण त्या पाण्यांतच पुष्कळ फॉस्फेट असतें. झिंग्यांची डबी स्वयंपाकघरांतील शीतपेटींत ठेवण्यास मात्र परवानगी मिळाली नाहीं. ती शेजाऱ्यांकडे असते.

दुसरी आवक पाण्याची. पुण्यांत चैत्र-वैशाखांत हवा इतकी कोरडी असते कीं, टाकींतलें पाणी रोज लिटर-दीड लिटर उडून जातें. पाणी उडतें, क्षार मागें राहतात. म्हणून तूट भरून काढण्यास गोडें पाणी घालावयाचें असतें, खारें नव्हे. हें गोडें पाणी सरळ नळाचें घातलें, तर त्यांतील सिलिका व इतर क्षार थेंबाथेंबानें सांचत जातात. म्हणून सूक्ष्म पडद्यांतून दाबानें गाळणाऱ्या यंत्राचेंच पाणी वापरावें.

आवक कमी झाली. आतां जें आंत सांचलें होतें तें बाहेर काढण्याचा प्रश्न. यासाठीं तीन उपाय मीं योजले, व तिन्ही उपयोगी पडले.

पहिला उपाय फेस काढणाऱ्या यंत्राचा. गुऱ्हाळांत काहिलींतील मळी फेसाबरोबर वर येते व ती झाऱ्यानें काढून टाकतात, हें मुलांनीं पाहिलें असेल. तसेंच या यंत्रांत खाऱ्या पाण्यांतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले असतां, कुजण्याजोगीं सेंद्रिय द्रव्यें बुडबुड्यांस चिकटून वरच्या पेल्यांत सांचतात. त्यांचें फॉस्फेट होण्यापूर्वींच तीं बाहेर जातात. विरघळलेलें फॉस्फेट मात्र या यंत्रास सांपडत नाहीं.

दुसरा उपाय काट्यानें काटा काढण्याचा, आणि मला तो सर्वांत आवडतो. टाकीशेजारीं एक लहान कप्पा केला, टाकीचें पाणी त्यांतून फिरविलें, आणि त्यांत गुंतवळासारखें वाढणारें एक हिरवें समुद्रशेवाळ मुद्दाम लावलें. त्यावर रात्रीं दिवा जळतो. शेवाळ वाढणारच असेल, तर तें आपण नेमून दिलेल्या जागीं वाढावें. आणि तेथें तें फॉस्फेट शोषून घेतें, म्हणून खडकांवरील शेवाळास उपाशी राहावें लागतें. दर पंधरवड्यास मूठभर शेवाळ तोडून बाहेर काढतों. स्फुरद हातानें उचलून नेण्याचें दार तें हेंच. रात्रीं दिवा लावण्याचा आणखी एक लाभ असा कीं, मोठ्या टाकींत अंधार असतांना हें शेवाळ कर्बवायु घेऊन प्राणवायु देत राहतें. पहाटेच्या ज्या घटकेनें आमचा मासा नेला, ती घटका आतां तितकी भयंकर राहिली नाहीं. तोडलेलें शेवाळ गोड्या पाण्यांत भिजवून, मीठ धुऊन काढून, जास्वंदीच्या कुंडींत पुरतों.

तिसरा उपाय लोखंडाच्या गंजाचा. कोंकणांतील शेतकऱ्यांस विचारा. जांभ्याच्या तांबड्या जमिनींत स्फुरदाचें खत कितीहि घातलें तरी पिकास थोडेंच मिळतें, अशी त्यांची तक्रार असते. जांभ्यास तांबडा रंग देणारीं लोहाचीं संयुगें फॉस्फेटास घट्ट धरून ठेवतात, हें तिचें कारण. कोंकणांतल्या शेतकऱ्याचें जें दुर्दैव तेंच टाकी राखणाराचें सुदैव. त्याच जातीचे लोहसंयुगाचे बारीक दाणे बाजारांत मिळतात. ते नळींत भरून पाणी त्यांतून हळू हळू फिरविलें असतां फॉस्फेट दाण्यांस चिकटून बसतें, व भरलेले दाणे फेंकून देतां येतात. जांभ्याचा दगडच टाकींत टाकूं नये. त्याची माती सुटून पाणी गढूळ होतें. तुरटीनेंहि फॉस्फेट खालीं बसतें, व सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यांत तिचा उपयोग होतो. परंतु ती पाण्यास आम्लता आणते, म्हणून माशांच्या टाकींत वर्ज्य. निवळीची बी उगाळून घालण्याचा आपला जुना प्रघात गाळ बसविण्यापुरता ठीक आहे. विरघळलेला पदार्थ तिनें निघत नाहीं. कांहीं अनुभवी लोक शुद्ध चुन्याची निवळी रात्रीं थेंबाथेंबानें सोडतात, व तिनें थोडें फॉस्फेट चुन्याशीं बांधलें जातें. पण ही निवळी फार दाहक असते. विद्यार्थ्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये.

लोहाचे दाणे लावल्यापासून पांच दिवसांत १.२ चें ०.२ झालें. मीं दाणे काढून टाकले व मित्रांस विजयाची वार्ता कळविली. आठवड्यानें पाहतों तों पुन्हां ०.६! खाद्य मोजून घातलेलें, पाणी शुद्ध. मग हें आलें कोठून? तें खडकांतून आलें. चुनखडीच्या अंगास फॉस्फेट चिकटतें. पाण्यांत तें पुष्कळ असतांना खडक तें शोषून ठेवतात, आणि पाण्यांत तें कमी झालें कीं सोडूं लागतात. सहा महिने उधळपट्टी केलेल्या घराचें कर्ज एका पगारांत फिटत नाहीं, तसेंच हें. येथेंच बहुतेक लोक कंटाळतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या ज्या दोन टाक्या माळ्यावर गेल्या, त्यांपैकीं एक नेमकी या टप्प्यावर गेली. मला दाणे सहा वेळां बदलावे लागले. चौथ्या महिन्याच्या अखेरीस आंकडा ०.०५ वर येऊन स्थिरावला. मधल्या काळांत खडकांवरील हिरवे केस विरळ होत गेले, आणि कांहीं ठिकाणीं खडकांवर जांभळट गुलाबी रंगाचें, दगडासारखें कठीण शेवाळ धरूं लागलें. तें आपल्या अंगांत चुना सांठवितें. फॉस्फेट अधिक झालें म्हणजे चुना बांधणाऱ्या जीवांच्या कामांत अडथळा येतो. म्हणून हा गुलाबी रंग दिसला कीं टाकीची प्रकृति सुधारली असें समजण्यास हरकत नाहीं.

आंकडा शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र धरूं नये. एका परिचितानें तो धरला, आणि त्याच्या टाकींत हिरव्या शेवाळाच्या जागीं तपकिरी, चिकट, बुडबुड्यांनीं भरलेली एक साय पसरली. ती घालविणें याहून दुर्घट झालें. फॉस्फेट हें विष नव्हे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येकडील वाऱ्यांनीं आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागांत समुद्राच्या खोलींतलें थंड पाणी वर येतें, आणि त्याबरोबर फॉस्फेट व नायट्रेटहि वर येतात. मग सूक्ष्म वनस्पतींचें पीक येतें, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, आणि त्या सर्वांवर तारली व बांगडा यांचे थवे. गोव्यापासून खालीं केरळापर्यंत कोळी बांधवांच्या ताटांतील मासळीचें मूळ या खतांत आहे. समुद्र अफाट आहे, म्हणून तेथें तें पचतें.

जेथें पचत नाहीं तेथें काय होतें, याचें एक उदाहरण सर्व जगांत प्रसिद्ध आहे. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत संशोधनासाठीं राखून ठेवलेल्या सरोवरांपैकीं एका सरोवराच्या मधोमध १९७३ सालीं डेव्हिड शिंडलर व त्याच्या सहकाऱ्यांनीं जाड पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागांत कार्बन व नत्र यांचे क्षार घातले. दुसऱ्यांत तेच, पण त्यांबरोबर फॉस्फेटहि. पहिला भाग निर्मळ राहिला. दुसरा थोड्याच आठवड्यांत हिरवागार झाला, आणि आकाशांतून काढलेल्या छायाचित्रांत पडद्याच्या रेषेवर दोन रंग स्पष्ट दिसले. त्या काळीं कपडे धुण्याच्या पुडींत पुष्कळ फॉस्फेट घालीत असत. तें कमी करण्याचे कायदे करणाऱ्यांस या छायाचित्रानें मोठें बळ दिलें. आपल्या मुठा नदीचें खडकवासल्यापाशीं दिसणारें पाणी व शहराखालून वाहून गेल्यावरचें पाणी यांतील अंतर पुणेकरांस दाखविण्यास छायाचित्राची गरज नाहीं. पाषाणच्या व कात्रजच्या तलावांवर पसरणारी जलपर्णी हीहि याच खताचें पीक. यंत्रानें ती काढून कांठावर टाकतात व तेथेंच कुजूं देतात, तेव्हां पावसाच्या पहिल्या सरीबरोबर तिचा स्फुरद परत तळ्यांत जातो. कात्रजच्या मानानें माझी टाकी म्हणजे थेंबहि नव्हे. पण औषधानें शेवाळ मारून तें आंतच कुजूं देण्याची माझी चूक याच जातीची होती.

वांचलेल्या धाकट्या माशाविषयीं मुलें विचारतात, म्हणून सांगतों. विदूषक माशांत जोडप्यांतील मोठी ती मादी असते. ती गेली कीं मागें राहिलेला नर वाढतो व कांहीं महिन्यांनीं स्वतःच मादी होतो. आमच्या धाकट्याचें तसेंच झालें. पुढील वर्षीं त्याच्या, किंवा आतां तिच्या, सोबतीस एक लहान मासा आणला. प्रारंभीं त्यास तिनें पुष्कळ पळविलें. आतां दोघें एकाच खडकाआड राहतात.

ज्यांच्या घरीं टाकी नाहीं व जीं घेण्याची आवश्यकताहि नाहीं, अशा विद्यार्थ्यांस कॅनडांतल्या सरोवराचा प्रयोग खिडकींत करून पाहतां येईल. एकेक लिटरच्या कांचेच्या पांच स्वच्छ बाटल्या घ्याव्या. नळाचें पाणी दोन दिवस उघड्या भांड्यांत ठेवून त्यांतील क्लोरीन उडाल्यावर तें बाटल्यांत भरावें, आणि प्रत्येकींत एखाद्या जुन्या हौदांतलें हिरवें पाणी एक चमचा घालावें. शाळेच्या प्रयोगशाळेंतून पोटॅशियम नायट्रेट एक ग्रॅम घेऊन शंभर मिलिलिटर पाण्यांत, व पोटॅशियम फॉस्फेट एक ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यांत विरघळवावें. पहिली बाटली तशीच ठेवावी. दुसरींत नायट्रेटचें पाणी दहा मिलिलिटर, तिसरींत फॉस्फेटचें दहा, चौथींत दोन्ही, आणि पांचवींत दोन्ही घालून वर जांभ्याची, अनेक वेळां धुऊन घेतलेली, चमचाभर भरड टाकावी. तोंडांस कापसाचे बोळे घट्ट बसवावे, नाहीं तर डांस अंडीं घालतील. बाटल्या पूर्वेच्या खिडकींत एका ओळींत ठेवून रोज एकाच वेळीं, मागें पांढरा कागद धरून, त्यांचा रंग वहींत टिपावा. तीन आठवडे पुरेत. कोणती बाटली प्रथम हिरवी होते, आणि पांचवी चौथीच्या किती मागें राहते, हें मी येथें लिहीत नाहीं. टिपणें घेऊन यावें, म्हणजे वर्गांत त्यांची तुलना करूं. प्रयोग संपल्यावर बाटल्यांतलें पाणी मोरींत न ओततां कुंड्यांस घालावें.